अकराव्याची घंटा

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पोचले. अवजारांच्या शेडमागच्या दोन खोल्या राहायला दिल्या आहेत. क्लबचे चिटणीस म्हणाले, पूर्वी मैदान सांभाळणारा माणूस इथे राहायचा. मी "हो का" एवढंच म्हटलं. तो माणूस माझे बाबा, आणि पाचव्या वर्षापर्यंत मीही इथेच राहत होते, हे सांगायची गरज वाटली नाही. मला आठवत तर काहीच नाही. दारामागे एक खुंटी आहे आणि तिच्याखाली भिंतीवर तेलकट डाग. तो त्यांच्या कोटाचा असावा. नसेलही.

कामाबद्दल तुला सांगत होते तेव्हा तू भांडी आपटत होतीस, म्हणून पुन्हा लिहिते. या गोल्फच्या मैदानाची मोजणी करून खेळाडूंसाठी पुस्तिका करायची आहे. अठरा होल, प्रत्येकाला एक पान. पहिला फटका मारतात त्या टीवरून काय दिसतं, चेंडू कुठे पाडावा, कुठे पडला तर संपलं, आणि शेवटच्या हिरवळीवर कुठल्या बाजूने चढावं. मे महिन्यात मोठी स्पर्धा आहे, त्याआधी छापून हवं. अंतर आणि उतार माझी यंत्रं सांगतात. पण मी कधी काठी हातात धरलेली नाही, आणि हे मैदान अवघड म्हणून प्रसिद्ध आहे. नुसत्या आकड्यांवर लिहिलं तर लोक हसतील.

तू इथे खेळलीस. बाबा इथेच गेले म्हणून तुला या जागेबद्दल बोलायला आवडत नाही, हे मला माहीत आहे. मी त्याबद्दल विचारत नाही. मला फक्त तिसरा, सातवा आणि अकरावा कसा खेळायचा ते हवं आहे. फोनवर तुझ्या कानांचा भरवसा नाही. मागच्या वेळी मी "मोजणी" म्हटलं आणि तू मोजे पाठवलेस. तेव्हा पत्र लिही.

तुझी,
फूटपट्टी


९ फेब्रुवारी

प्रिय फूटपट्टी,

मोजे घाल. तिथे सकाळी गवत ओलं असतं, यंत्राला सर्दी होत नाही, माणसाला होते.

आणि माझ्या कानांना नावं ठेवू नकोस. आज गेले असतील, पण एके काळी अकराव्याच्या टीवर उभी राहिले की टेकाडापलीकडच्या घंटेची साखळी हललेली मला घंटेआधी ऐकू यायची. माझी पिशवी वाहायला एक कॅडी असायचा. ऊन असो नसो, छत्री उघडी. त्याला सगळे छत्रीच म्हणायचे. अजून असला तर विचार त्याला, तो म्हणायचा, बाई, तुमचे कान आहेत की कुत्र्याचे.

मी कुणी सभासद नव्हते, हे तुला ठाऊक आहे. अठराच्या अठरा झेंडे मी शिवायचे, आणि त्याबद्दल सोमवारी, मैदान बंद असताना, खेळायची मुभा होती. तुझा बाप माझ्यावर हसायचा. म्हणायचा, शिवणकाम करणारा माणूस सरळच जाणार, उसवायची भीती असते ना. पण मी सरळ जायचे नाही. मी होल उलटा वाचायचे. तेच तुला सांगते, पुस्तिकेत घाल हवं तर, माझं नाव नको. आधी झेंड्याच्या खड्ड्याजवळ जाऊन उभं राहायचं आणि मागे वळून बघायचं. शेवटचा चेंडू कुठून आला तर सोपा जाईल? मग त्याच्या आधीचा कुठून? असं करत करत टीपर्यंत मागे यायचं. टीवर उभं राहून पुढे बघणारा माणूस नेहमी फसतो, कारण मैदान ज्याने आखलं त्याला टीवरून तुला काय दाखवायचं हे माहीत असतं.

तिसरा: समोर तळं दिसतं म्हणून सगळे लांबचा फटका मारायला घाबरतात आणि आखूड मारून चिखलात जातात. तळं दिसतं त्यापेक्षा जवळ संपतं. बिनधास्त मारा. सातवा छोटा आहे, वर वारा असतो आणि खाली नसतो. झाडांचे शेंडे बघा, झेंडा बघू नका. झेंडा मी शिवलेला होता तेव्हाही त्याचं ऐकू नये असंच सांगायचे.

अकरावा डावीकडून खेळा. त्यात लिहिण्यासारखं दुसरं काही नाही.

तुझी आत्या


१७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

मोजे घातले. तिसऱ्याबद्दल तुझं बरोबर निघालं, तळ्याची अलीकडची कड आणि पलीकडची कड यांत टीवरून वाटतं त्याच्या निम्मंच अंतर आहे. सातव्याचे शेंडेही पाहिले. त्या दोन पानांवर मी तुझंच म्हणणं माझ्या भाषेत लिहिलं आहे.

अकराव्याचं मात्र बरोबर नाही.

तो तुला माहीत आहे, तरी मी लिहून दाखवते, म्हणजे आपण एकाच होलबद्दल बोलतोय याची खात्री होईल. टीसमोर टेकाड आहे, पलीकडचं काहीच दिसत नाही. टेकाडावर दोन बाजूंना मार्ग आहेत. उजवीकडचा पांढरं डोकं रंगवलेल्या खुंटावरून जातो, डावीकडचा लांबून वळतो. पलीकडे खोलगट भाग आहे, पहिला चेंडू तिथे पडतो. खोलगटाच्या पुढे पायवाटेला लागून खांब आहे आणि त्यावर साखळीने टांगलेली पितळी घंटा. पुढचे खेळाडू खोलगटातून बाहेर पडले की एकदा घंटा वाजवतात, म्हणजे टीवरच्यांना कळतं की आता पलीकडे कुणी नाही, मारा.

मी तुझ्यासारखंच हिरवळीपासून उलटं वाचत आले. हिरवळ उजवीकडून उघडी आहे आणि डावीकडे तिच्यापुढे वाळूचे तीन खड्डे आहेत. डावीकडून येणाऱ्याला दुसरा फटका उंच, लांब आणि अचूक मारावा लागतो. उजवीकडून आलेला चेंडू उतारावरून स्वतःहून योग्य जागी घरंगळतो. हे उघड आहे. तरी इथला एकही जुना खेळाडू उजवीकडून मारत नाही. कारण विचारलं तर म्हणतात, पद्धत आहे.

छत्री अजून आहे, छत्रीसकट. तो म्हणाला, तू नेहमी उजवीकडूनच मारायचीस. मग मला डावीकडे का पाठवतेस?

दोन फुटकळ गोष्टी. कॅडी लोक उजव्या मार्गाला "उगवती" म्हणतात. "उगवती नको," असं खेळाडूला बजावतात. हा होल पश्चिमेला जातो आणि उजवीकडे उत्तर आहे. पूर्व पाठीमागे. मी होकायंत्र दोनदा तपासलं. तुला हा शब्द माहीत आहे का?

दुसरी: सकाळी, फाटक उघडायच्या आधी, घंटा वाजते. एकदाच. माझ्या खोलीत स्पष्ट ऐकू येते. पहिल्यांदा मी जाऊन पाहिलं. दोरी स्थिर होती. गवतावर दव होतं आणि त्यात खांबाकडे जाणारी पावलं फक्त माझी होती. वारा नव्हता. कारण सापडलेलं नाही, सापडलं की कळवते.

फूटपट्टी


२२ फेब्रुवारी

प्रिय फूटपट्टी,

घंटा जुनी आहे, धातू सकाळी आक्रसतो, इंजिनीअर तू आहेस की मी? कावळा बसला असेल. पहाटेपासून यंत्रं मांडून बसू नकोस, पोटात काहीतरी घालत जा.

माझा गुडघा बरा आहे. मशीनची पायपट्टी तुटली होती, ती शेजारच्या सुताराने जोडून दिली, आता चालवताना म्हातारं माणूस कण्हल्यासारखा आवाज येतो. मला ऐकू येत नाही, शेजारीण सांगते.

मी उजवीकडून मारायचे ती माझी हौस होती. अंगात मस्ती होती. तू पुस्तिका अनोळखी माणसांसाठी लिहितेयस. आंधळा फटका आहे, पलीकडे कुणी असू शकतं, म्हणून डावीकडे लिही आणि मोकळी हो. पलीकडे काम चालतं तिथे. पाण्याचा नळ त्याच खोलगटात आहे. तुझा बाप तिथे वाकून बसला की घंटेची दोरी वर खुंटीला अडकवून ठेवायचा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याने चुकून ओढायला नको. सोमवारी माझ्यासाठी तोच घंटा वाजवायचा. काम आटपलं, बाजूला झाला, दोरी सोडली, वाजवली, की मी मारायचे. इतका काटेकोर होता. तू त्याच्यावर गेलीस.

उगवती-बिगवती मला माहीत नाही. कॅडी काहीही नावं ठेवतात.

आत्या


२ मार्च

प्रिय आत्या,

मला एक गोष्ट सरळ विचारायची आहे.

काल पाऊस होता, खेळ बंद होता. छत्री शेडमध्ये येऊन बसला. त्याला मी कोण हे माहीत नव्हतं. मी अकराव्याचा नकाशा काढत होते. त्याने बोट ठेवलं उजव्या रेघेवर आणि म्हणाला, "ही रेघ छापू नका मॅडम. या रेघेने मैदानवाला गेला. बाईंचा चेंडू होता."

मी पेन्सिल खाली ठेवली. विचारलं, कोण बाई. त्याने सगळं सांगितलं, जसं कुणी दुसऱ्याच गावची बातमी सांगावी तसं. झेंडे शिवणाऱ्या बाई, मैदानवाल्याची सख्खी बहीण. सोमवार. त्याने काठी काढून दिली, बाईंनी मारलं, आणि चेंडू खुंटावरून इतका सुरेख गेला की तो टाळी वाजवणार होता. मग म्हणाला, "पण बाईंचा दोष नाही हां. घंटा झाली होती. मी ऐकली ना."

तेव्हा मी त्याला सांगितलं, मी मैदानवाल्याची मुलगी.

 त्याने मिटलेली छत्री उघडली, शेडमध्येच, आणि परत मिटली. म्हणाला, "ताई, मग मला काही विचारू नका. बाईंना विचारा." आणि पावसात निघून गेला.

तू मला सांगितलं होतंस की काम करता करता बाबांचं हृदय थांबलं. शाळेत, दवाखान्यात, नोकरीच्या अर्जात, जिथे विचारलं तिथे मी तेच लिहीत आले. डॉक्टर मला विचारतात, घराण्यात हृदयविकार आहे का, तर मी हो म्हणते.

मला राग आलेला नाही. मला काय घडलं ते हवं आहे. अकराव्याचं पान कोरं आहे आणि त्यावर काय लिहायचं ते आता मला तुला विचारल्याशिवाय ठरवता येणार नाही.

घंटा आज सकाळीही वाजली.

फूटपट्टी


१६ मार्च

बाळा,

पत्र लिहायला वेळ लागला. तीन फाडली.

चेंडू माझा होता. छत्री इमानी माणूस, तो माझ्यासाठी खोटं बोलतो. घंटा झाली नव्हती. मी बराच वेळ उभी होते, कंटाळा आला, त्या दिवशी हात चांगला चालत होता आणि मला वाटलं तो बाजूला झाला असेल. मारलं. एवढंच आहे. त्यानंतर मी काठीला हात लावला नाही. तुला खरं सांगितलं असतं तर तू कुणाकडे राहिली असतीस? आई तुझी आधीच गेलेली. म्हणून हृदय सांगितलं.

आता तुला कळलं. काय शिव्या द्यायच्या त्या दे, नाहीतर दोन महिने बोलू नकोस, मी समजून घेईन. पण ते काम दुसऱ्या कुणाला दे आणि तिथून नीघ. पान कोरं राहिलं तर राहू दे. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही.

आत्या


२१ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी अनेकदा वाचलं. ते पटत नाही. भावनेने नव्हे, ते जुळत नाही.

पहिल्या पत्रात तू लिहिलंस, तुला साखळी हललेली घंटेआधी ऐकू यायची. जी बाई साखळीची वाट बघते ती घंटेची वाट न बघता मारत नाही. छत्रीने मी कोण हे कळायच्या आधी सांगितलं की घंटा झाली होती. तेव्हा त्याला खोटं बोलायचं कारण नव्हतं. कळल्यावर तो गप्प झाला. मला आधी वाटलं तो तुला वाचवतोय. पण तुला वाचवायचं असतं तर त्याने "घंटा झाली होती" हेच पुन्हा पुन्हा सांगितलं असतं.

तरी मी तपासलं. टीवर आवाज टिपणारं यंत्र ठेवलं आणि चिटणीसांच्या कारकुनाला घंटा वाजवायला लावली, वारा उलटा, टीकडून घंटेकडे असताना. घंटा स्वच्छ ऐकू येते. साखळीसुद्धा.

मग मी तू शिकवलंस तसं उलटं वाचलं. चेंडू कुठे पडला तिथून. बाबा नळापाशी वाकलेले होते. काम चालू होतं. काम चालू असताना दोरी खुंटीला असायची, हे तूच लिहिलंस. दोरी वर असेल तर घंटा वाजायला नको. घंटा वाजली. या दोन्ही गोष्टी खऱ्या असायच्या तर दोरीखेरीज दुसरं काहीतरी हवं.

मी शिडी लावून चढले. घंटेच्या आतल्या लोलकाच्या टोकाला दोन भोकं आहेत. एकात दोरी आहे. दुसरं बारीक, हाताने पाडलेलं, आणि त्याची कड एका बाजूने झिजून गुळगुळीत झाली आहे. तिथून काहीतरी बरेच दिवस ओढलं जात होतं. मग खांब तपासला. खालच्या भागात लोखंडी कडीचा मोडलेला तुकडा लाकडात आहे. त्यातून सुतळी जाईल एवढी ती कडी असणार. ती माझ्या गुडघ्याच्या थोडी वर आहे. कुठल्याही मोठ्या माणसाला तिथून घंटा वाजवायला वाकावं लागलं असतं.

लहानपणी माझ्याकडे एक लाकडी रीळ होतं, तुझ्या मशीनच्या दोऱ्याचं, पिवळं रंगवलेलं. त्याच्या भोकात सुतळीची गाठ होती. घर बदलल्यावर मी ते हातात धरून झोपायचे असं शेजारीण सांगायची. एक दिवस तू ते माझ्या हातातून काढून घेतलंस आणि मी तुला चावले. तुझ्या अंगठ्यावर खूण आहे. तू मला कधी मारलं नाहीस आणि माझी दुसरी एकही वस्तू कधी टाकली नाहीस, म्हणून ते लक्षात राहिलं.

त्या सोमवारी तिथे अजून कोण होतं?

मी उत्तर न मागताही पान लिहू शकेन. पण तू लिहावंस अशी माझी इच्छा आहे. हे काम मी सोडणार नाही.

फूटपट्टी


३० मार्च

माझे बाळ,

तुला शिकवलं हीच चूक झाली.

होतीस तू. खांबाखाली बाक होता, तिथे तुझी जागा. सोमवारी तो तुला घेऊन जायचा, घरी ठेवणार कुणाकडे? तुला एकच नाद होता. टेकाडावरून माझा चेंडू येताना बघायचा. खालून बघितलं की तो खुंटाच्या डोक्यावर पांढरा वर येतो, सूर्यासारखा. तू ओरडायचीस, "उगवला!" तुझा बाप सगळ्या मैदानाला सांगत सुटला होता. कॅडी मला म्हणायचे, बाई, आज उगवतीने मारणार का. तो शब्द तुझा आहे. तू मला विचारलंस तेव्हा मी माहीत नाही लिहिलं आणि उठून मोरीत जाऊन तोंड धुतलं. इतकी वर्षं झाली, तिथल्या पोरांना का म्हणायचं ते माहीत नाही आणि ते म्हणतात.

घंटा वाजवायचा हट्ट तू धरायचीस. तुझा हात दोरीला पोचायचा नाही. मग त्याने लोलकाला भोक पाडलं, बारीक सुतळी खाली आणली, माझ्याकडून रीळ मागून नेलं आणि पिवळं रंगवून टोकाला बांधलं. तो "हं" म्हणाला की तू ओढायचीस. कधी आधी ओढली नाहीस. मला तुझा अभिमान वाटायचा, एवढीशी पोर, बापाच्या शब्दाला थांबते.

त्या दिवशी नळाचं काम लांबलं. त्याने दोरी नेहमीसारखी खुंटीला अडकवली. रिळाची सुतळी खाली तशीच राहिली. ती दोरी आहे हेच त्याच्या मनात आलं नसणार. त्याच्या लेखी ते तुझं खेळणं होतं. तू का ओढलीस, मला माहीत नाही. तो नळाशी बोलत असायचा, काम करताना हं हं करायची सवय होती. त्यातला एक तुला वाटला असेल. मी हे रोज धरून चालते. तूही धर.

मी साखळी ऐकली, घंटा ऐकली. मारलं.

टेकाडावर आले तेव्हा तू टाळ्या वाजवत होतीस.

मला माफ कर म्हणू नकोस आणि मीही म्हणणार नाही. त्याने दोरी बांधली, तू घंटा वाजवलीस, मी मारलं. तिघांनीही आपापलं काम रोजच्यासारखंच केलं. छत्रीने सुतळी कापली, रीळ तुझ्या मुठीतून सुटेना म्हणून तसंच राहू दिलं. मला म्हणाला, बाई, पोरीला कळता कामा नये. आम्ही दोघांनीच ठरवलं. पुढे तू मोठी होत गेलीस, एकदा त्या रिळाला सुतळी बांधून खिडकीच्या कडीला अडकवून ओढत बसलीस, तेव्हा मी ते घेतलं.

मला या जन्मात एकच गोष्ट तुझ्यापासून लांब ठेवायची होती. ती तू शिडी लावून काढलीस. बापासारखीच.

सकाळची घंटा मी खरं तर तू पहिल्यांदा लिहिलंस तेव्हाच मानली होती. कावळा-बिवळा काही नाही. पण मला आता ऐकू येत नाही, म्हणून मी काही सांगू शकत नाही.

आत्या


१२ एप्रिल

प्रिय आत्या,

उत्तराला उशीर झाला. आजारी नव्हते. काही दिवस फक्त मोजलं. मोजलेलंच पुन्हा मोजलं. आकडे बदलले नाहीत.

मी आठवायचा प्रयत्न केला. आठवत नाही. हाताला मात्र रीळ आठवतं, त्याची कमरेशी बारीक असलेली गोलाई. तुझ्या "हं" बद्दल मी काही म्हणत नाही. ते तपासता येणार नाही आणि नाकारताही येणार नाही. ज्या मापाला पुरावा नसतो ते आम्ही नकाशावर तुटक रेघेने दाखवतो. ते मी तसंच ठेवलं आहे.

सुरुवातीला मला वाटलं, तुझा इतकी वर्षं फसवल्याबद्दल राग यावा. नंतर लक्षात आलं की तू दोनदा खोटं बोललीस आणि दुसऱ्या वेळी स्वतःला खुनी ठरवलंस, एका टपाल तिकिटाच्या खर्चात, मी तिथून निघावं म्हणून. त्यावर काय बोलायचं ते मला येत नाही. अंगठ्याबद्दल मात्र दिलगीर आहे.

चिटणीसांना घंटा काढून दिवा लावायचा होता. मी घंटा राहू द्या म्हटलं. खांबाला एकच दोरी, आणि खोलगटात काम चालू असेल तेव्हा लोलकच चामड्याच्या पट्ट्याने बांधायचा, दोरी नव्हे, असं लिहून दिलं. ते मान्य झालं. पट्टा छत्रीने आणला, त्याच्या जुन्या पिशवीचा. बसवताना तो खाली शिडी धरून उभा होता.

पान असं आहे, काल छापायला गेलं:

"अकरावा. टीवरून पुढचं दिसत नाही, म्हणून या होलचा विचार हिरवळीकडून मागे करावा. डावा मार्ग सुरक्षित दिसतो, पण तिथून आलेल्याला वाळू ओलांडून खेळावं लागतं. खरा मार्ग उजवा, पांढऱ्या खुंटावरून. इथले कॅडी त्याला उगवती म्हणतात, कारण पलीकडून बघणाऱ्याला चेंडू खुंटावर उगवताना दिसतो. घंटेची वाट पाहा. घंटा झाल्यावर एकाने टेकाडावर चढून स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं आणि हात वर करावा. मग मारा."

चिटणीस म्हणाले, नावामागचं कारण तुम्हाला कुणी सांगितलं, आम्हाला कधी कळलं नाही. मी म्हटलं, चौकशी केली.

सकाळची घंटा अजून वाजते. पट्टा बसवल्यावर तीन दिवस वाजली नाही, चौथ्या दिवशी लोलक बांधलेला असताना वाजली. मी आता बघायला जात नाही. ऐकते आणि चहाचं आधण ठेवते.

आता काम राहिलं आहे ते एकच. पानावर जे लिहिलं ते कुणीतरी खेळून दाखवल्याशिवाय मी मोजणी पूर्ण झाली असं लिहू शकत नाही, आणि इथे उजवीकडून मारायला कुणी तयार नाही. सोमवारी मैदान अजूनही बंद असतं. छत्री म्हणतो, तुझ्या काठ्या त्याने ठेवल्या आहेत, तेल लावून. गुडघ्याचं कारण सांगू नकोस, टीपर्यंत गाडी जाते. कानांचं कारणही सांगू नकोस. टेकाडावर छत्री उभा राहील आणि खोलगट रिकामा आहे हे बघून छत्री उघडेल. ती तुला दिसेल.

पण त्याआधी घंटा होईल. ती मी वाजवेन. तुला ऐकू येणार नाही, तरी वाजवेन.

मग तू मार. मी बाकावर बसून बघते.

तुझी,
फूटपट्टी